मधली पट्टी

मी ताडपत्र्या शिवते. ट्रकवर टाकायच्या, दुकानांपुढे लावायच्या, होड्या झाकायच्या, तंबूच्या. तीस वर्षं झाली. माझ्या शिवणीतून पाणी आत आलं असं सांगणारा माणूस अजून जन्मायचाय, आणि जन्मला असेल तर आणा त्याला माझ्यासमोर. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात माझी लाज जाणार आहे. ती जायची ती जाऊ दे, पण कशी गेली ते नीट कळलं पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी मोठ्या हॉस्पिटलातल्या दिलासावाल्या बाई माझ्या कारखान्यात आल्या. त्यांच्या हुद्द्याचं खरं नाव लांबलचक आहे, काम एवढंच की ज्यांचं माणूस आत ऑपरेशनला आहे त्यांच्यापाशी बसायचं. त्यांना एक कापड हवं होतं, दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद, आणि त्यावर रंगवलेली एक वाट. चित्र बघून मी म्हटलं, “हा तर भूलभुलैया आहे.”

“नाही हो,” त्या म्हणाल्या. “भूलभुलैयात फाटे असतात, माणूस चुकतो. इथे फाटाच नाही. एकच वाट आहे, ती फिरत फिरत मधल्या गोलापर्यंत जाते आणि त्याच वाटेनं परत यायचं. ज्यांना त्या दिवशी काही सुचत नाही, त्यांनी एका पावलापुढे दुसरं टाकत राहायचं, बस.”

मी मनात म्हटलं, बाईंना दुसरे उद्योग नाहीत वाटतं. पण काम घेतलं म्हणजे मन लावून करते. एवढं कापड एका तुकड्यात उचलता येणार नाही म्हणून मी ते तीन पट्ट्यांत केलं, डावी, मधली आणि उजवी, आणि पट्ट्या एकमेकींना वेल्क्रोनं जोडायच्या. वाट म्हणजे एकात एक असे सात गोल. प्रत्येक गोलात कुठेतरी एक आडवी रेघ येते. तिथे वाट अडते, माणूस वळतो आणि बाजूच्या मोकळ्या जागेतून पुढच्या गोलात जातो. ह्या आडव्या रेघा जवळजवळ सगळ्या मधल्या पट्टीवर, आणि आत शिरायचं तोंड डाव्या पट्टीवर. मधल्या पट्टीचं वर कुठलं नि खाली कुठलं हे कळावं म्हणून एका कोपऱ्यात मी लाल फीत शिवली होती. मागच्या महिन्यात कापड धुताना ती उसवली आणि परत शिवायची राहिली. म्हटलं, अंथरणारी मीच, मला काय फीत बघावी लागते?

दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी ते कापड ऑपरेशनच्या मजल्यावरच्या व्यायामाच्या हॉलमध्ये अंथरते. चपला बाहेर काढायच्या, मनात एकच प्रश्न धरायचा, नजर पायाशी ठेवायची, रेघ ओलांडायची नाही. आणि चालणाऱ्याशी कुणी बोलायचं नाही, कुणी त्याला थांबवायचं नाही. बाई ह्याबाबतीत फार कडक.

पहिले काही आठवडे मला हसूच यायचं. मग एकदा एक बस ड्रायव्हर आला, चांगला आडदांड गडी, त्याची बायको आत होती. अर्धा तास चालला, मधल्या गोलात जाऊन मटकन खाली बसला, आणि उठला तेव्हा त्याचा चेहरा पार बदलला होता. मला म्हणाला, “ताई, आता काय होईल ते होईल, मी आहे.” त्या दिवसापासून माझं हसणं बंद झालं. उलट मीच सगळ्यांना सांगत सुटले की इथे चुकणं शक्यच नाही, डोळे झाकून विश्वास ठेवा. धाकट्या बहिणीलाही मीच सांगितलं. तिचा नवरा गेला तेव्हा तिला हाताला धरून मीच तिथे नेलं होतं. नंतर ती माझ्याहून जास्त त्या वाटेची झाली. घर बदलायचं का, नोकरी सोडायची का, काहीही असो, आधी कापडावर चालणार, मधल्या गोलात उभी राहणार आणि मग बोलणार.

तिची मुलगी चिमणी. नावाला चिमणी, उंचीला माझ्या दीड. चोवीस वर्षांची, वीज मंडळात खांबावर चढायचं काम करते. लोक खाली उभे राहून बघत राहतात, ही वर पट्टा बांधून निवांत तारा ओढत असते. एका शनिवारी मंडळाचा ट्रक मागे घेताना तिचा उजवा पाय ट्रक आणि खांब ह्यांच्यामध्ये सापडला. नडगीचा चुरा झाला. दोन ऑपरेशनं झाली, दुसरं झालं त्या रात्रीपासून ताप हटेना. मंगळवारी सकाळी तिसरं ठरलं. स्ट्रेचरवरून आत नेताना तिनं आईचं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाली, “आई, पाय काढू देऊ नकोस. शपथ घे. मी खांबावर चढल्याशिवाय काय करणार?” धाकटीनं मान हलवली. ह्या मान हलवण्यानंच पुढचं सगळं अवघड करून ठेवलं.

आदल्या दिवशीच धाकटीनं मला बजावलं होतं, “ताई, उद्या काही झालं तरी कापड अंथर. मला लागेल.” त्यामुळे चिमणीला आत नेल्यावर मी हॉलमध्ये गेले. पट्ट्या उलगडल्या, वेल्क्रो दाबून बसवला. लक्ष ऑपरेशनच्या दाराकडे होतं हे मान्य करते. पण शिवणीवर गोलाला गोल बरोब्बर भिडला होता, एक बोटभर इकडेतिकडे नाही. म्हटलं, झालं, बसलं.

अकराच्या सुमाराला डॉक्टर बाहेर आले. टोपी तशीच डोक्यावर, हातमोजे काढलेले. आम्ही दोघी बाकावर होतो. ते समोर उकिडवे बसले, तेव्हाच मी ओळखलं. डॉक्टर माणूस उभा राहून बोलतो तोवर ठीक असतं.

“पायात विष पसरतंय,” ते म्हणाले. “दोन रस्ते आहेत. आत्ता गुडघ्याखालून पाय काढला तर जीव वाचण्याची चांगली आशा आहे. नाहीतर आणखी एकदा साफ करून पाय राखायचा प्रयत्न करता येईल, पण तो फसला तर ती टेबलावरच जाऊ शकते. ती भुलीखाली आहे, तुम्हालाच सांगावं लागेल. मी आत धुवून-पुसून तयारी करतो, अर्ध्या तासात कळवा. जितकं लवकर तितकं बरं.”

“डॉक्टर, तुमची मुलगी असती तर?” मी विचारलं.

“मी काढला असता,” ते म्हणाले. “पण मी तिला शब्द दिलेला नाही.” म्हणजे स्ट्रेचरजवळचं बोलणं त्यांनीही ऐकलं होतं.

डॉक्टर गेले. धाकटी उठली. मी म्हटलं, “अगं, ह्यात विचार कसला करायचा?” तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. “मी चालून येते,” म्हणाली. “मधल्या गोलात पोचले की सांगते. पंधरा मिनिटं लागतात, मला माहीत आहे.” चपला दाराशी काढल्या आणि अकरा वाजून दहा मिनिटांनी ती डाव्या पट्टीवरच्या तोंडातून आत शिरली. हॉलमध्ये आम्ही दोघीच होतो. दिलासावाल्या बाई खाली दुसऱ्या कुणापाशी होत्या. मी भिंतीजवळच्या खुर्चीवर बसले. समोर घड्याळ.

पहिली काही मिनिटं मी तिच्याकडे नीट बघतही नव्हते. आत चिमणीचं काय चाललं असेल ह्याच्या पलीकडे मन जातच नव्हतं. मग लक्षात आलं की धाकटी खिडकीपाशी आली, समोरच्या भिंतीवरच्या फळ्यापाशी गेली, दाराकडे पाठ करून वळली आणि परत खिडकीपाशी आली. वाट तशीच असते, इकडून तिकडे नेते, म्हणून मी मनावर घेतलं नाही. पण ती पुन्हा खिडकी, फळा, दार, खिडकी अशी गेली. आणि पुन्हा. चौथा गोल. ती चौथ्या गोलातच होती आणि त्या गोलाला कुठे अडवणारी आडवी रेघच नव्हती.

मी कापडावर नजर फिरवली. सकाळी जे दिसायला हवं होतं ते आता दिसलं. मधली पट्टी उलटी लागली होती, वरचं टोक खाली. गोल म्हणजे गोल, पट्टी कशीही फिरवा, शिवणीवर ते जुळणारच. पण आडव्या रेघा सगळ्या भलतीकडे गेल्या होत्या. चौथ्या गोलाची रेघ नेमकी शिवणीवर होती, तिचे दोन अर्धे तुकडे दोन बाजूंना गेले होते आणि वाट कुठेच पुरती अडत नव्हती. आतल्या गोलात जायची मोकळी जागा तिच्या डाव्या हाताला येत होती, पण समोर रेघ अडवत नव्हती म्हणून खाली मान घालून ती तिथून सरळ पुढे जात होती. आणि ती तिथून वळली असती तरी मधल्या गोलापर्यंत वाट जातच नव्हती. माझ्या हातानं मी असं काही अंथरलं होतं की ज्यात माणूस मरेपर्यंत फिरत राहील.

तेव्हा घड्याळात अकरा चोवीस झाले होते.

आता तुम्ही म्हणाल, मग उठायचं आणि सांगायचं! अहो, मलाही तेच वाटलं. मी उठून उभी राहिले. आणि तिथेच खिळले. एक तर माझा तोरा. चुकणं शक्यच नाही म्हणून जिला छातीठोक सांगितलं, तिला आता काय तोंडानं सांगू? पण तोरा बाजूला ठेवता आला असता. दुसरी भीती त्याहून वाईट होती. धाकटी खुणा मानणारी बाई. तिला मी म्हटलं की ह्या वाटेला मधला गोलच नाही, तर ती त्यातून काय काढेल? चिमणीला वाचायचंच नाही, असं काढेल. मग म्हणेल, शब्द दिलाय, पाय राहू दे. आणि पोरगी टेबलावर जाईल, माझ्या एका पट्टीपायी.

मग मला अक्कल सुचली. म्हणजे मला तेव्हा ती अक्कल वाटली. गुपचूप पट्टी फिरवता येते का बघू. ती खिडकीकडे पाठमोरी होती तेव्हा मी गुडघ्यावर बसले आणि शिवणीचं टोक बोटानं उचललं. चर्र्र! त्या रिकाम्या हॉलमध्ये वेल्क्रोचा आवाज केवढ्यानं घुमला. धाकटीचं पाऊल क्षणभर अडखळलं. तिनं मान वर केली नाही. परत चालू लागली. आणि मी तिथे रांगत बसलेली, साठीला आलेली बाई, हातात कापडाचा कोपरा. पट्टीवर माणूस चालत असताना पट्टी फिरवणार कशी, हेही मला तेव्हा कळलं नव्हतं. मी तो कोपरा अलगद खाली दाबला आणि मागे सरकत खुर्चीवर जाऊन बसले.

आणि खरं सांगायचं तर ह्या दोन्ही भीतींच्या खाली तिसरी होती, तिच्याबद्दल मी आजवर कुणाशी बोललेली नाही. मी तिला थांबवलं की ती माझ्याकडे बघणार आणि विचारणार, “मग ताई, तूच सांग, काय करू?” डॉक्टरांपुढे मी फटकन बोलून गेले होते, पण ते बोलणं वेगळं. माझ्या शब्दावर पोरीचा पाय गेला तर? माझ्या शब्दावर जीव गेला तर? ती चालत होती तोवर मला कुणी काही विचारणार नव्हतं. म्हणून मी बसून राहिले.

खिडकी, फळा, दार, खिडकी. तिच्या अनवाणी पावलांचा कापडावर घासल्यासारखा बारीक आवाज येत होता. तिचे ओठ हलत होते. एकदा ती माझ्या अगदी समोरून गेली, चार हातांवरून, आणि मला तिच्या मानेवरचा घाम दिसला. मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. मला आयुष्यात कधी इतकी भीती वाटलेली नाही. आई गेली तेव्हा नाही, कारखान्याला आग लागली तेव्हा नाही.

दार ढकलून नर्स आत आली. तिला नियम माहीत होते म्हणून ती माझ्या कानाशी वाकून कुजबुजली, “डॉक्टर विचारतायत. ताप एकदम चढलाय. आता थांबता येणार नाही.”

अकरा पस्तीस.

मी चपलांसकट कापडावर गेले. सगळे गोल तुडवत गेले आणि धाकटीला दोन्ही दंडांना धरून उभी केली. “थांब,” म्हटलं. “थांब गं बाई. वाट चुकीची आहे. मधली पट्टी मी उलटी लावलीय. तू किती चाललीस तरी पोचणार नाहीस. ही खूणबीण काही नाही, नुसती माझी चूक आहे, माझ्या हातांची.”

ती धापा टाकत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, “मला माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“मी गोल फिरतेय ते. तो फळा किती वेळा आला! कळणार नाही होय, ताई?” तिचा आवाज चिरकला. “पण चालत होते तोवर मी हो म्हटलं नव्हतं. तोवर तिचा पाय होता.”

तिनं विचारलं, “तुला कधी कळलं?”

“आत्ता,” मी म्हटलं. “नर्स आली तेव्हा.”

ती माझा हात सोडवून कापडावरून सरळ बाहेर चालायला लागली. दाराशी डॉक्टर उभे होते, कागद हातात. मी मागून धावत गेले आणि म्हटलं, “माझं नाव लिहा. मोठी मावशी आहे मी. ती उठली की मीच सांगेन, मी काढायला लावला. तिला राग धरायचा तर माझ्यावर धरू दे.”

“गप्प बस, ताई,” धाकटी म्हणाली. डॉक्टरांच्या हातातलं पेन तिनं जवळजवळ हिसकावून घेतलं. “तिनं मलाच शिव्या घातल्या पाहिजेत. जन्मभर घातल्या पाहिजेत. त्याच्यासाठी ती असायला पाहिजे ना आधी! काढा, डॉक्टर. काढा पाय.”

सही करताना तिनं कागद इतका जोरात दाबला की पेनाचं टोक आरपार गेलं.

दोन तासांनी डॉक्टर आले. चिमणी वाचली होती. धाकटी भिंतीला धरून खाली बसली. डॉक्टर म्हणाले, “गुडघा मात्र राखता आला नाही. वरून काढावा लागला.”

ते निघाले तशी मी त्यांच्या मागे कॉरिडॉरमध्ये गेले. “लवकर सांगितलं असतं तर गुडघा राहिला असता का?”

“असं सांगता येत नाही हो.” दोन पावलं पुढे गेले आणि परत वळले. सरळ माणूस होता. “विष वर चढत होतं, एवढंच मी सांगू शकतो,” म्हणाले.

गुडघा असला की काय होतं आणि नसला की काय होतं, हे मला पुढच्या आठवड्यात व्यायामवाल्या माणसानं समजावून सांगितलं. गुडघा राहिला तर खोटा पाय लावून माणूस जिने चढतो, सायकल चालवतो, एखादा जिद्दीचा शिडीसुद्धा चढतो. नसला तर सगळंच कठीण. तो हे अगदी प्रेमानं सांगत होता, आणि मी त्याच्याकडे बघून मान हलवत होते.

चिमणी सहा दिवस आईशी एक अक्षर बोलली नाही. तोंड भिंतीकडे करून पडून राहायची. सातव्या दिवशी दुपारी आम्ही दोघी तिच्यापाशी होतो, धाकटी चमच्यानं पाणी पाजत होती. चिमणीनं चमचा हातानं बाजूला केला आणि म्हणाली, “डॉक्टर म्हणाले, आधी गुडघ्याखालून काढायचं ठरलं होतं. मग गुडघा का गेला?”

धाकटीनं चमचा ग्लासात ठेवला. “माझ्यामुळे गेला,” ती म्हणाली. “मला हो म्हणवत नव्हतं. मी त्या वाटेवर गोल गोल फिरत बसले. मला कळत होतं तरी फिरत बसले. तुझ्या मावशीला तर नर्स आल्यावर कळलं, तिनंच येऊन मला थांबवलं. तिचे उपकार मान. माझं नाव काढू नकोस, हवं तर तोंड बघू नकोस.”

चिमणी माझ्याकडे बघायला लागली. त्या बघण्यात आभार होते. मला ते सहन होईना. तिथून उठून निघून जावं असं वाटलं, आणि मी गेले असते तर कुणाला काही कळलं नसतं, कधीच.

“नाही,” मी म्हटलं. “आई खोटं नाही बोलत, पण तिला ठाऊक नाही. मी खोटं बोलले. मला आधीच कळलं होतं. पट्टी मी उलटी लावली होती, आणि ती गोल फिरतेय हे मला दिसत होतं. मी खुर्चीवर बसून बघत होते. थांबवलं नाही. मला भीती वाटत होती की ती मला विचारेल.”

धाकटी माझ्याकडे वळली. तिचा चेहरा मी बघितला नाही, बघायची हिंमतच झाली नाही. मी चिमणीकडेच बघत होते. चिमणी कोपरावर जोर देऊन थोडी उठली. पांघरूण एका बाजूला सपाट होतं.

“किती वेळ, मावशी?” तिनं विचारलं.

“अकरा मिनिटं,” मी म्हटलं.